काजळीचे कान

त्याला सगळे खराऱ्या म्हणायचे. आईबापानं ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं, आणि तेही कारकुनानं दोनदा पुकारल्यावर गड्याच्या ध्यानात यायचं, की अरे, हा आपल्यालाच हाक मारतोय. हातात कायम खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायची ती लोखंडी दातेरी पट्टी. मोतद्दारकी, म्हणजे घोडे राखायचं काम, बापाकडून आलेली. पागेतले बाकीचे मोतद्दार घोडा घासायचे तसे घासायचे, सकाळचं काम म्हणून. हा मात्र घोडा असा घासायचा की जणू त्याच्या आत आणखी एक चांगला घोडा दडलाय आणि घासून घासून तो बाहेर काढायचाय.

बापानं त्याला फार काही शिकवलं नाही, दोन शिव्या आणि एक वाक्य. शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. वाक्य असं, की तोंड तर कुणीही धुतं, मोतद्दाराची पत कळते ती घोड्याच्या कानात. या पागेची रीतही नेमकी तीच होती. आठवड्याच्या पहिल्या सकाळी मालकीणबाई थानांच्या, म्हणजे घोडे बांधायच्या खणांच्या, रांगेवरून फिरायच्या. नाल बघायच्या नाहीत, पाठ बघायच्या नाहीत. घोड्याचा कान मुडपून आत बघायच्या, की निघाल्या पुढं. आतून स्वच्छ असला तर नुसतं "हूं". त्या एका हुंकारावर खराऱ्या आठवडाभर छाती काढून हिंडायचा. त्याची बायको म्हणायची, "या माणसाला जेवायला नको, पाणी नको. बाईंचं हूं वाढा ताटात."

काजळी ही त्याची घोडी. काळीभोर, पोटानं जरा गोल, स्वभावानं इतकी गरीब की घोडेस्वारी शिकायला आलेलं अगदी नवखं पोर पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसवायचे. पोरं तिच्यावर बसून रडली, भांडली, एक तर बसल्या बसल्या झोपलं. काजळीनं कुणाला पाडलं नाही. ते झोपलेलं पोर जागं होईस्तोवर ती रिंगणात मधोमध उभी राहिली, मागचे घोडे अडवून. लगाम घालायची वेळ झाली की स्वतःच मान खाली घालायची. खराऱ्या तिच्या कानात बोट घालून मळ काढायचा तेव्हा तर डोळे मिटून खालचा ओठ लोंबता सोडायची, न्हाव्याकडं मान देऊन बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

त्या साली उन्हाळा सरता सरता चिलटं फार झाली. मोकळ्या कुरणात सकाळ-संध्याकाळ घोड्यांच्या डोक्याभोवती त्यांचे ढगच्या ढग. कानात शिरायची, चावायची, घोडे माना झाडायचे. आणि एका सकाळी काजळीच्या उजव्या कानात खराऱ्याला पांढरे ठिपके दिसले. तांदळाच्या कण्या सांडाव्यात तेवढेच. त्यानं फडक्यानं पुसलं. जाईनात. दहाएक दिवसांत ते एकमेकांना जाऊन मिळाले आणि कानाच्या आतल्या काळ्या कातडीवर पांढरा, खरबरीत पापुद्रा धरला. भिंतीला लावलेली खळ वाळून फुगते तसा. मग डावा कानही तसाच.

शेजारच्या थानातला मोतद्दार म्हणजे गबाळ्या. बुटका, कायम जांभया देणारा, सदऱ्यावर लीद वाळलेली. त्यानं डोकावून बघितलं.

"काय रे खराऱ्या, घोडीच्या कानाला चुना काढलास की काय?"

"तुझं तोंड बघ आधी आरशात."

"माझं तोंड माझ्या तांबड्याला चालतं. आणि हे बघ, त्याच्याही कानात आहे हे. कधीचं आहे, आठवतसुद्धा नाही. त्यानं काही तक्रार केली नाही बाबा."

"तुझ्या घोड्यानं तक्रार करायची म्हटली तर दिवस पुरायचा नाही. कानाचा नंबर सगळ्यात शेवटी लागेल."

गबाळ्या फिदीफिदी हसला आणि निघून गेला. खराऱ्यानं पुन्हा कान मुडपून बघितला. आपल्या घोडीच्या कानात तेच, जे गबाळ्याच्या घोड्याच्या कानात! याच्यापेक्षा घोडीला ताप आला असता तर बरं झालं असतं.

आठवड्याची पहिली सकाळ आली. मालकीणबाईंनी काजळीचा कान मुडपला, बघितलं. हूं नाही. दुसरा मुडपला. मग खराऱ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना बोलवा."

डॉक्टरीणबाई गुरांच्या, घोड्यांच्या. खांद्याला झोळी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. त्यांनी कानावर बॅटरी मारली, नखानं पापुद्र्याची कड जराशी दाबली. काजळी ढिम्म. बाई म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. आपल्या हातावर चामखीळ येते ना, त्याच्याच कुळीतलं आहे हे. चिलटं चावतात, त्यातून पसरतं. दिसायला वाईट, पण हिला त्याचा त्रास नाही. बघा, मी दाबतेय तरी कशी उभी आहे."

"मग औषध?" खराऱ्यानं विचारलं.

"औषध नाही. चिलटांच्या वेळेला आत बांधा, बाहेर सोडाल तेव्हा कानांवर जाळीची टोपी घाला. आणि हात लावू नका. पुसायचं नाही, खरवडायचं नाही. राहिलं तर राहू दे."

"राहू दे? असंच?"

"असंच."

मालकीणबाईंनी मान हलवली. दोघी निघून गेल्या. खराऱ्या तिथंच उभा. राहू दे! मळाला राहू दे म्हणणारा डॉक्टर त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या मनात आलं, शिकलेल्या आहेत, दहा ठिकाणी जायचं असतं, यांना कुठं रोज या रांगेत उभं राहून मान खाली घालायची आहे! या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून तो लागला. आधी कोमट पाणी आणि मऊ फडकं. मग गोणपाटाचा तुकडा. मग बोथट सुरीची पाठ. वरून तेलात कालवलेला कापूर. पहिल्यांदा पापुद्र्याचा तुकडा सुटून तळहातावर पडला तेव्हा त्याला कोण आनंद झाला! "निघतंय की!" म्हणाला एकटाच. खाली कातडी निघाली ती गुलाबी, उंदराच्या पिल्लासारखी, तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके. त्यावर कापूरतेल लागलं तशी काजळी थरथरली. "झालं, झालं," खराऱ्या म्हणाला. पण चार दिवसांनी पांढरं पुन्हा आलं. मग त्यानं अधिक जोर लावला.

काजळीनं आधी नुसते कान मागं पाडले. मग खराऱ्या आला की तोंड भिंतीकडं करायला लागली. मग मान वर. घोड्यानं मान वर केली की माणसाचा हात कुठं पोचतो? खराऱ्यानं तिला आखूड बांधलं. ती दोर ताणून उभी राहिली. आणि मग एका सकाळी त्यानं ते केलं, जे त्याच्या बापानंही केलं नव्हतं. तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीनं पीळ दिला. नालबंदाला लाथाडणाऱ्या घोड्याला असं करतात. काजळीला, जिच्यावर पोरं झोपायची, तिला असं करायची कधी कुणावर वेळ आली नव्हती. ती गप्प उभी राहिली. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. एका हातानं पीळ धरून दुसऱ्या हातानं खराऱ्यानं दोन्ही कान पार निर्मळ केले.

त्या आठवड्यात मालकीणबाईंना हूं म्हणायला काही मिळालं नाही. त्यांनी हात वर नेला आणि काजळीनं अशी मुंडी हिसडली की बाई दोन पावलं मागं गेल्या.

"हिला काय झालं?"

"चिलटं, बाईसाहेब," खराऱ्या म्हणाला.

चिलटांवर किती दिवस ढकलणार? लगाम घालायचा म्हणजे पट्टा कानांवरून मागं न्यावा लागतो. काजळी लगाम दिसला की मागच्या भिंतीला जाऊन चिकटायला लागली. खराऱ्यानं तिला कोपऱ्यात गाठलं, पट्टा वर नेला, तिनं डोकं झाडलं आणि तिचा जबडा याच्या तोंडावर आदळला. पुढचे दोन दात लीदीत पडले. शिकायला आलेली पोरं दारात उभी राहून बघत होती. त्यातलं एक म्हणालं, "काजळी चावते?" दुसरं म्हणालं, "मी नाही बसणार तिच्यावर."

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. दुरूनच बॅटरी मारली, जवळ जाता येईना.

"कुणी खरवडलं?"

"मी साफ केलं," खराऱ्या म्हणाला. दात गेल्यानं साफचा आवाज नुसता वारा होऊन बाहेर पडला.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "आधी हे दुखत नव्हतं. आता दुखतंय. सोलून काढलंत, आग होणारं तेल चोपडलंत. कातडी महिन्याभरात भरेल. पण ती भरली हे घोडीला पटायला किती दिवस लागतील, ते मी सांगू शकत नाही."

मालकीणबाई व्यवहाराच्या. वाईट नव्हत्या, पण पागा म्हणजे काही पांजरपोळ नव्हे. त्यांनी सरळ सांगितलं, "थंडी पडेपर्यंत थांबते. तोवर लगाम घालून घेतला तर ठीक. नाहीतर गाडेवाला मागतोय तिला, देऊन टाकते. लगाम न घालणारी घोडी ठेवून मी काय तिचं लोणचं घालू?"

"बाईसाहेब, गाड्याला जुंपायचं तरी लगाम लागतोच की."

"लागतो. तिथं चौघं मिळून धरतात आणि घालतात."

खराऱ्या त्या रात्री जेवला नाही. तसंही पुढचे दात नव्हते. बायकोनं भात मऊ करून पुढं ठेवला होता, तो चिवडत बसला.

"कशाला हात लावायचा होता म्हणते मी," ती म्हणाली. "नको म्हटलं होतं ना डॉक्टरीणबाईंनी?"

"तू नको सांगू. घाण दिसतेय आणि गप्प बसायचं?"

"घाण नव्हती ती."

"दिसत तर होती!"

बायको उठली. मग भांडी गोळा करता करता म्हणाली, "आपली पोरगी लहान असताना तुम्ही तिचे कान असेच चोळायचात. आंघोळीनंतर, उजेडाला धरून. लाल होईपर्यंत. मी कितीदा म्हटलं, पुरे आता."

"मग? कधी ठणका लागला का तिच्या कानाला?"

"नाही लागला. पण परवा आली होती, तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलात, तेव्हा तिनं खांदे वर घेतले. नवरा आहे, पोरं आहेत तिला, तरी खांदे वर घेते. तुम्हाला कधी दिसलं नाही. मला दिसतं."

खराऱ्या ताटावरून उठला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. बायको त्याला समजवायला गेली नाही. तिला भांडी होती.

त्यानंतर त्यानं जे जे केलं त्याला कुणी हसावं, कुणी रडावं. सुरी विहिरीत टाकली. कापराची बाटली फेकली. हात राखेनं घासले, साबणानं घासले, हाताचा वास जावा म्हणून मातीत चोळले. गाजर घेऊन थानाच्या दाराशी उभा राहायचा. काजळी गाजर घ्यायची. गाजराशी तिचं भांडण नव्हतं. हात गळ्यापाशी गेला की ताठ व्हायची, मानेच्या मध्यावर आला की निघून जायची. एकदा तर या माणसानं गबाळ्याकडं त्याचा सदरा मागितला.

"माझा सदरा? तुला?" गबाळ्या म्हणाला. "अरे, परवा तूच म्हणालास, हा सदरा भिंतीला टेकवला तर उभा राहील."

"दे म्हणतो ना."

"धुऊन देऊ का?"

"धुऊ नको, गाढवा! धुतला तर उपयोग काय!"

तो लीदीनं, घामानं, तंबाखूनं माखलेला सदरा अंगात घालून खराऱ्या काजळीपाशी गेला. आखूड सदरा, पोट उघडं. काजळीनं हुंगलं, कान पुढं केले, आणि खराऱ्या एक पाऊल पुढं सरकला. हात हळूहळू वर नेला. मानेचा मध्य ओलांडला. आणि मग कोण जाणे, बोटांची ठेवण ओळखली की काय, घोडीनं असा झटका दिला की दावं तुटलं. मागं गबाळ्या म्हणाला, "सदऱ्यात काही खोट नाही हां, खराऱ्या."

हवेत गारवा यायला लागला. हिरड्या सुजून खराऱ्याला ताप भरला आणि तो घरी पडून राहिला. ताप उतरला तसा एका सकाळी, बाकीचे मोतद्दार यायच्या आत, पागेत आला, तर रिंगणाच्या कडेला काजळी उभी. तोंडात लगाम. वर गबाळ्या, पाय लोंबकळत सोडून, जांभई देत.

खराऱ्याच्या हातातली बादली खाली पडली. "कुणी धरली होती?"

"कुणी नाही."

"मग घातलास कसा?"

गबाळ्या खाली उतरला. "कानांवरून कशाला ओढायचा? पट्ट्याचं बक्कल सोडलं, कडी तोंडात दिली, पट्टा मानेमागून आणला आणि इकडं बक्कल लावलं. कानाला शिवायचंच नाही. मी असंच करतो नेहमी. वर हात कुठं पोचतो माझा?"

"ही काय पद्धत झाली? उद्या सदरा घालताना बाह्या सोडून, अंगावरच शिवून घे!"

"ओरडू नको, ती बुजते," गबाळ्या म्हणाला.

खरोखरच काजळीची मान वर गेली होती. गबाळ्यानं तिच्या मानेच्या खालच्या अंगाला थोपटलं, तशी खाली आली.

खराऱ्यानं तीच युक्ती स्वतः करून बघितली. गबाळ्या नसताना बघितली, कारण लाज होती. बक्कल सोडलं, हात कानांच्या आसपाससुद्धा नेला नाही, पट्टा खालून मानेमागं टाकायला गेला. काजळी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. तो तिला सोडून भिंतीला टेकला. पद्धतीत काही नव्हतं. हात याचा होता, हीच गोष्ट होती.

आता पेच असा पडला. मालकीणबाई बाहेरगावी होत्या. गबाळ्यानं लगाम घातला हे खराऱ्याखेरीज कुणी पाहिलं नव्हतं, आणि गबाळ्याला बढाई मारायचाही आळस. बाई परत येणार, विचारणार. लगाम घातला का? नाही म्हटलं तर घोडी गाडेवाल्याकडं, जिथं चौघं धरतात. आणि गबाळ्या घालतो म्हटलं, तर काजळी गबाळ्याची. तिच्या आयाळीत गवताच्या काड्या, मागच्या पुठ्ठ्यावर वाळलेली लीद, आणि रांगेतल्या सगळ्यांनी बघायचं, की खराऱ्याची घोडी खराऱ्याला सांभाळता आली नाही, ती गबाळ्यानं सांभाळली. पागेत यापेक्षा मोठी नाचक्की नाही. घरी दोन दिवस तो अर्ध्या ताटावरून उठला. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, "हिरडी दुखतेय."

बाई आल्या. सकाळी रांगेवरून फिरत फिरत काजळीच्या थानाशी थांबल्या.

"काय ठरलं?"

खराऱ्या खाली बघत होता. त्याच्या मनात अजूनही एक गोष्ट घोळत होती, आणखी आठवडाभर मागावा, कदाचित जमेल. जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तोंडावर तेच आलं होतं.

"काजळी गबाळ्याकडं द्या," तो म्हणाला.

"त्याच्याकडं?" बाईंनी शेजारच्या थानाकडं बघितलं. गबाळ्या गवताच्या भाऱ्यावर बसून पाठ खाजवत होता. "त्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही."

"नसू दे. तो तिला लगाम घालतो. धरावं लागत नाही."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

बाईंनी गबाळ्याला हाक मारली. त्यानं सगळ्यांसमोर बक्कल सोडलं, पट्टा मानेमागून आणला, बक्कल लावलं. काजळी एक दाणा चघळत उभी. रांगेतले मोतद्दार हातातली कामं टाकून जमले होते. बघणारे घोडीकडं कमी आणि खराऱ्याकडं जास्त बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "कान धुता धुता घोडी धुपली." हशा पिकला. गबाळ्या तेवढा हसला नाही, पण त्याला विनोद कळला नसेल असंही असेल.

"बरं," बाई म्हणाल्या, "गाडेवाल्याला नको म्हणून कळवते. तू तांबड्याला घे."

अदलाबदल झाली. तांबड्या खराऱ्याकडं आला तेव्हा त्याचं अंग इतकं मळलेलं होतं, की खरारा फिरवल्यावर खालून वेगळ्याच रंगाचा घोडा निघाला. फक्त कानाच्या मुळापाशी खरारा पोचला की खराऱ्याचा हात थांबतो. आत पांढरं आहे. दिसतं. तो तिकडं बघत नाही.

काजळीवर पोरं पुन्हा बसायला लागली. कानांत पांढरा पापुद्रा पूर्वीसारखाच भरलाय, वरून गबाळ्यानं घातलेली वाकडी जाळीची टोपी. पुठ्ठ्यावर लीद वाळलेली असते. खराऱ्याला ते बघवत नाही आणि न बघताही राहवत नाही.

"अरे, निदान मांड्या तरी पूस तिच्या," तो लांबून ओरडतो.

"वाळली की आपोआप पडते," गबाळ्या म्हणतो.

पाण्याचा हौद काजळीच्या थानापलीकडं आहे. जवळची वाट थानासमोरून जाते. खराऱ्या तिथून गेला की काजळी चंदी खाता खाता थांबते, मान वर करते, आणि तो दिसेनासा होईपर्यंत घास तोंडात तसाच धरून ठेवते. म्हणून तो मागून जातो, लीदीच्या ढिगाला वळसा घालून. तिकडं चिखल असतो, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, पाय घसरतात, अर्धं पाणी सांडतं. पागेतली माणसं आधी हसली, मग त्यांना सवय झाली.

"सरळ वाट सोडून कुठं तडमडतोस?" गबाळ्यानं एकदा विचारलं.

खराऱ्यानं बादल्या खाली ठेवल्या, दम घेतला. पलीकडून दाणा चावल्याचा आवाज येत होता, सलग.

"खाऊ दे तिला," तो म्हणाला, आणि बादल्या उचलल्या.